बत्तिशी मावशी पडल्या नव्हत्या

मंगळवारी दुपारी साडेबाराला बत्तिशी मावशींचा एक पाय मोडला. पावणेएकपर्यंत दुसराही मोडला. एक वाजता दुकानात साबण घ्यायला आलेल्या एका बाईंनी डोक्यालाही मार बसल्याचं छातीठोकपणे सांगितलं, आणि सव्वाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी चारजण आवाज उतरवून "स्वभावाने तशा फार चांगल्या होत्या" असं बोलू लागले. आमच्या गल्लीत माणूस इतका भरभर चांगला होत गेला की समजायचं, त्याचं काही खरं नाही.

त्याच वेळी मावशी आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत दोन्ही पायांवर भक्कम उभ्या राहून एका कवळीला पॉलिश करत होत्या. कानांवर आवाज अडवणारे मोठे गोळे, नाकावर मास्क, पुढ्यात गरगरणारी मोटर. दारावर थापा पडताहेत याचा त्यांना पत्ताच नव्हता. खोलीत एकाएकी अंधारून का आलं म्हणून त्यांनी मान वर केली, तर खिडकीला आठ तोंडं चिकटलेली.

मोटर बंद करून त्यांनी दार उघडलं. "काय झालं? कोणाचे दात पडले?"

"दात कसले मावशी, तुम्ही पडलात!" वरच्या मजल्यावरच्या काकू छातीवर हात ठेवून म्हणाल्या. ही बातमी पहिल्यांदा त्यांच्याकडे आली होती आणि तिला हातपाय त्यांच्याकडेच फुटले होते.

"मी? कधी?"

"साडेबाराला. तुमच्याच मोबाइलने सांगितलं. तुमच्या मुलाला मेसेज गेला, त्याने मला फोन केला, मी मंडईत होते..."

"म्हणजे मंडईतही कळलं," मावशी म्हणाल्या.

झालं होतं ते इतकंच. सकाळची फेरी संपवून मावशी खोलीत आल्या आणि सायकलवरून पडल्यावर मुलाला कळवणारं ॲप बंद करायला विसरल्या. मोबाइल टेबलावर ठेवला. मग त्या रोजच्या कामाला लागल्या: कवळी ज्यात शिजते तो पितळी डबा थंड झाला की त्यातला प्लास्टरचा साचा फोडायला हातोडी घालावी लागते. मावशींनी सणसणीत पाच ठोके घातले. टेबल हादरलं, मोबाइल हादरला, आणि मग तो अगदी निपचित पडून राहिला. ॲपने आपल्या परीने हिशेब केला, की बाई जोरात आपटली आणि आता हलत नाही. अर्धं मिनिट त्याने पीं पीं करून "बरी आहेस ना?" असं विचारलंही. पण तोवर मावशींनी कानांवर गोळे चढवून मोटर सुरू केली होती.

गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात थोडी निराशाही होती, पण ती कोणी बोलून दाखवली नाही. मावशींचा मात्र चेहरा उतरला. कारण पडल्या नसल्या तरी ॲप वाजलं होतं, आणि ॲप वाजणं हे पाय मोडण्यापेक्षा वाईट होतं.

आता मावशी म्हणजे कोण, ते सांगायला हवं. त्या दात बनवतात. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, खुर्चीवरच्या माणसाला धीर देतात आणि नाव कमावतात; पण त्या मापावरून मेणात एकेक दात बसवायचा, तो चावताना कुठे लागेल ते बघायचं, हिरडीला माणसाच्या वयाला शोभेल असा गुलाबी रंग द्यायचा, हे मावशींच्या खोलीत होतं. वय अठ्ठावन्न. हसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे त्या कधी बघत नाहीत. थेट तोंडात बघतात. म्हणून नाव पडलं बत्तिशी.

गावातले चार दवाखाने त्यांच्याकडून काम करून घेतात. मोठ्या कारखान्यातले दात दिसायला सुबक असतात, पण कुठे टोचले तर परत पाठवायचे आणि तीन दिवस वाट बघायची. मावशींचं तसं नाही. डॉक्टरांचा फोन आला की सायकलवर टांग मारायची, दवाखान्यात जाऊन कवळी तिथल्या तिथे घासून द्यायची, आणि पेशंट चहा मागवायच्या आत परत. मागच्या कॅरियरला डबा, डब्यात फोम, फोमला बारा खाचा. बावीस वर्षांत एक दात हरवलेला नाही. थोडक्यात, सायकल गेली तर मावशींचा वेग गेला, आणि वेग गेला तर चारही दवाखाने त्या मोठ्या कारखान्याकडे गेले. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी एका वळणावर वाळूवरून चाक सरकलं आणि मावशींचं कोपर दुखावलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. जन्मभर प्लास्टर कालवलेल्या बाईला दुसऱ्याच्या हातचं प्लास्टर सोसवणार कसं? "यात बुडबुडे राहिलेत," असं त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.

पण खरा धक्का बसला तो चिरंजीवांना. चिरंजीव गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि विम्याच्या कंपनीत काम करतात. सकाळी दहापासून लोकांच्या अपघातांचे कागद वाचायचे, हा पेशा. त्यांना रस्ता दिसतच नाही, नुसते दावे दिसतात. आईला एकुलता एक मुलगा आणि मुलाला एकुलती एक आई, त्यामुळे काळजी वाटून घ्यायलाही कोणी नाही. त्यांनी सायकल विकायचाच घाट घातला होता. आठ दिवस माय-लेकांत धुसफूस झाली, सूनबाईंनी दोन्हीकडून फोन घेतले, आणि अखेर तह झाला. मावशींनी मोबाइलवर चिरंजीव सांगतील ती ॲप घ्यायची. त्यातलं पडल्यावर वाजणारं ॲप वर्षभरात एकदा जरी वाजलं, तरी सायकल बंद.

मावशींनी सुरुवातीला नाक मुरडलं. मग हळूहळू त्यांचं त्या सगळ्या ॲपशी जुळलं, इतकं की चिरंजीवांनाच पश्चात्ताप व्हावा. पावसाचं ॲप होतं. "पंधरा मिनिटांत सरी" असं त्याने सांगितलं की मावशी डब्यावर प्लास्टिक बांधून निघायच्या आणि कोरड्या पोचायच्या. रस्ता सांगणारं ॲप तर त्यांना सख्ख्या मैत्रिणीसारखं झालं. त्यातल्या आवाजाला त्या "बाईसाहेब" म्हणतात. कुठे चढ आहे, कुठे ट्रकची वर्दळ, कुठून फक्त सायकल जाते, सगळं बाईसाहेबांना पाठ. बावीस वर्षं या गावात सायकल हाणून मावशींना जी कालव्याकाठची वाट सापडली नव्हती, ती बाईसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी दाखवली. अकरा मिनिटं वाचली. "इतकी वर्षं कुठे होतीस गं?" असं मावशी भर रस्त्यात मोबाइलला म्हणाल्या.

आणखी एक ॲप फेरी नोंदवायचं. किती किलोमीटर झाले, किती वेळ लागला, कमाल वेग किती. त्याच्याविषयी मावशी फारसं बोलत नसत.

तर मंगळवारी संध्याकाळी चिरंजीव आले. आल्या आल्या आईला खांद्याला धरून त्यांनी पुढून बघितलं, मागून बघितलं, कोपर वाकवून बघितलं. मग सगळं जागेवर आहे असं दिसल्यावर त्यांना राग आला.

"आई, वाजलं की नाही?"

"वाजलं. पण मी पडले नाही."

"असं कसं वाजेल? मशीन आहे ते. त्याला काय तुझ्याशी वैर आहे?"

मावशी वाद घालत बसल्या नाहीत. "तुझ्या मोबाइलवर आहे का हे ॲप?"

"आहे. तुला द्यायच्या आधी मीच वापरून बघितलं होतं."

"चालू कर आणि ठेव इथे."

चिरंजीवांनी ठेवला. मावशींनी फळीवरून दुसरा डबा काढला, हातोडी उचलली आणि पाच ठोके घातले. टेबलावरची मेणाची सुरी उडून खाली पडली. मग दोघं हाताची घडी घालून उभे राहिले. पाचच सेकंदांत मोबाइल पीं पीं करू लागला.

"बंद कर की," मावशी म्हणाल्या.

पण चिरंजीव इतके थक्क झाले होते की त्यांना बटण सुचेना. अर्धं मिनिट संपलं, मेसेज गेला, आणि लगेच सूनबाईंचा फोन. "अहो, कुठे पडलात?"

"आईच्या टेबलावर," चिरंजीव म्हणाले.

"झोपा तिथेच," असं म्हणून सूनबाईंनी फोन ठेवला.

खरं म्हणजे खटला इथेच निकालात निघायचा. चिरंजीवांनी दिलगिरीही व्यक्त केली. पण विम्यातला माणूस, कागद पूर्ण वाचल्याशिवाय फाइल मिटवत नाही. सकाळची फेरी नक्की कधी संपली हे बघायला त्यांनी आईच्या मोबाइलवर ते नोंदीचं ॲप उघडलं. मावशींनी मोबाइल घ्यायला हात पुढे केला. किंचित उशीर झाला.

"हे काय आहे?"

"कुठलं?"

"शेहेचाळीस."

"कशाचा तरी भाव असेल."

"कमाल वेग आहे, आई. ताशी शेहेचाळीस! पाण्याच्या टाकीचा उतार. मागच्या मंगळवारी चव्वेचाळीस. त्याच्या आधी त्रेचाळीस. आणि ही यादी कसली? 'या उतारावरच्या सर्वांत वेगवान महिला'? दोन नंबरला 'बत्तिशी'?"

मावशी मेणाची सुरी पुसत राहिल्या. एक नंबरला कोणीतरी पोरगी आहे, तिची सायकल कागदासारखी हलकी असणार आणि तिच्या मागे दातांचा डबा नसणार, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ही वेळ ते सांगायची नाही इतकं शहाणपण त्यांना होतं.

चिरंजीव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोबाइल हळूच टेबलावर पालथा ठेवला, आणि मावशींना सहा वर्षांचा, सायकलच्या मागच्या सीटवर बसून पाठीला घट्ट धरणारा मुलगा दिसला. "मला रोज असे कागद येतात, आई," एवढंच ते म्हणाले. मग बाहेर जाऊन त्यांनी सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. शुक्रवारपर्यंत त्यांनी रजा टाकली. तोवर दात ते स्वतः गाडीतून पोचवणार होते. पुढचं पुढे बघू.

मावशी भांडल्या नाहीत. सायकल त्यांना हवी होती, पण मुलाची भीती हसण्यावारी नेऊन नको होती.

बुधवार बरा गेला. म्हणजे पन्नास मिनिटांच्या फेरीला साडेतीन तास लागले. दोन दवाखान्यांपाशी गाडी लावायला जागाच मिळेना म्हणून चिरंजीव चौकाला घिरट्या घालत राहिले. पण दात पोचले.

गुरुवारी सकाळी अकराला चौथ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची कवळी मावशींनीच केलेली. सकाळी धुताना ती हातातून बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. संध्याकाळी सहाला त्यांचा कार्यक्रम. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवूनच वाजवायचं असतं. दात नाहीत तर फुंकर नाही, फुंकर नाही तर सूर नाही. "आणि मावशी, मला साडेचारला निघावंच लागेल. त्याआधी तोंडात बसवून बघायला हवी."

तुकडे घेऊन दवाखान्याचा माणूस आला. मावशी जेवल्या नाहीत. तुकडे जुळवले, प्लास्टरचा आधार दिला, गुलाबी लेप भरला, घासला. वरचे दोन दात केसभर जरी पुढे आले तर त्या माणसाचा सूर फाटणार, म्हणून भिंगाखाली तीनदा बघितलं. पावणेचारला कवळी डब्यात गेली आणि माय-लेक गाडीत बसले.

दवाखान्यांचे पत्ते मावशींच्या मोबाइलमध्ये होते, म्हणून चिरंजीवांनी तोच समोर लावला. बाईसाहेब बोलू लागल्या. पहिल्या वळणाला मावशी म्हणाल्या, "अरे, इथून गाडी..."

"आई, ॲप बघतंय ना."

पुढच्या वळणाला, "मी काय म्हणते, हा रस्ता..."

"आई, मोबाइलमधलं मला कळतं. तू दातांचं बघ."

मावशींनी दातांचं बघायचं ठरवलं आणि तोंड मिटून घेतलं.

बाईसाहेबांनी गाडी छापखान्याच्या मागच्या बोळात घातली. दोन्ही बाजूंना भिंती, आरसे मिटावे लागले इतका बोळ अरुंद. "पुढे सरळ जा," बाईसाहेब गोड आवाजात म्हणाल्या. पुढे सरळ तीन लोखंडी खांब होते, आणि खांबांपलीकडे कालव्याची सुंदर, मोकळी पायवाट. मागे वळून बघितलं तर खोकी भरलेली एक व्हॅन बोळात शिरून, हात झटकून उभी राहिल्यासारखी उभी.

चिरंजीवांनी मोबाइल नीट बघितला. पडद्याच्या कोपऱ्यात सायकलचं चित्र होतं, चांगलं ठसठशीत.

"हे सायकलवर लावलेलं आहे," ते हळूच म्हणाले.

"हो ना," मावशी म्हणाल्या.

"मग सांगायचं नाही?"

मावशींनी फक्त त्यांच्याकडे बघितलं. चिरंजीवांनी नजर खाली घातली.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन. "मावशी, ते येऊन बसलेत. वाद्य मांडीवर घेऊन नुसते बसलेत, बोलत नाहीत. माझ्या घड्याळाकडे बघतात आणि मान खाली घालतात."

खांबांपलीकडे, दहा पावलांवर, भाड्याच्या पिवळ्या सायकली रांगेने उभ्या होत्या. मोबाइलने कुलूप उघडायचं, हवी तिथे न्यायची. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. मांडीवरचा डबा तेवढा दोन्ही हातांनी धरला.

"नाही," चिरंजीव म्हणाले.

मावशींनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

चिरंजीवांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मग दार अर्धवट उघडून, पोट आत घेऊन ते बाहेर पडले, खांब ओलांडून गेले, एका पिवळ्या सायकलवरच्या चौकोनाचा आपल्या मोबाइलने फोटो घेतला आणि कुलूप खट्कन उघडलं. आईला पुरेल एवढी सीट खाली केली. दोन्ही ब्रेक दाबून बघितले. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवून बघितलं. आईचा मोबाइल घेऊन पडल्यावर वाजणारं ॲप स्वतःच्या हाताने चालू केलं.

"पण हेल्मेट नाही," ते म्हणाले, जणू एक शेवटचा आधार सापडला.

तोवर डबा घेऊन बाहेर आलेल्या मावशींनी पिशवीतून हेल्मेट काढलं.

"तू गाडीत बसताना हेल्मेट घेतलंस?"

"सवय रे," मावशी म्हणाल्या, आणि निघाल्या.

व्हॅनचा ड्रायव्हर खाली उतरून बघत होता. "आई का तुमची?" त्याने विचारलं.

"हो."

"गेल्या पण!"

चिरंजीव बॉनेटवर बसले आणि मोबाइलवरच्या निळ्या ठिपक्याकडे बघू लागले. आई कुठे आहे, किती वेगात आहे, सगळं त्यांच्या पडद्यावर येत होतं. ठिपका कालव्याकाठून सरळ गेला, पुलापाशी वळला, टाकीच्या उताराला लागला. चिरंजीवांनी श्वास रोखून धरला. आकडा बघून त्यांनी डोळे मिटले, मग एक डोळा उघडला. उताराच्या खाली ठिपका वेगाला आवरत गेला, सिग्नलला व्यवस्थित थांबला, हिरवा झाल्यावर निघाला, आणि चार बावीसला दवाखान्यापाशी येऊन थांबला.

थांबला तो थांबलाच. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. ॲप वाजत नव्हतं, पण चिरंजीवांना आता त्याच्या न वाजण्याचाही भरवसा वाटेना. इतक्यात फोन आला.

"आई? बरी आहेस ना?"

आईचा आवाज नाही. आधी एक फुस्स अशी हवा आली. मग एक किरकिरा सूर. मग मावशी लांबून कोणाला तरी म्हणाल्या, "थांबा, डावीकडे जरासं टेकतंय," आणि घासल्याचा आवाज झाला. पुन्हा फुंकर. आणि मग खालपासून वरपर्यंत, पायरीपायरीने चढत जावं तसे, एकामागून एक स्वच्छ सूर. चिरंजीव बोळात, बॉनेटवर, फोन कानाला लावून बसून राहिले. व्हॅनवालाही कान देऊन उभा राहिला. सूर थांबल्यावर एक अनोळखी पुरुषी आवाज, दातांनिशी, ठणठणीत म्हणाला, "मावशी, अगदी जागच्या जागी!"

व्हॅनवाल्याने मग आपण होऊन गाडी मागे घेतली.

संध्याकाळी मावशी पॉलिशच्या मोटरवर कापड झाकत होत्या तेव्हा चिरंजीव आत आले. त्यांनी खिशातून सायकलची किल्ली काढली आणि टेबलावर, पितळी डब्याशेजारी ठेवली. शुक्रवारची रजा रद्द करून ते कामावर जाणार होते. मावशींनी किल्ली उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली आणि लेकाच्या गालावरून प्लास्टरने माखलेला हात फिरवला. गाल पांढरा झाला.

"ते सगळं ठीक आहे," चिरंजीव गाल पुसत म्हणाले, "पण उतारावर आजसुद्धा एकेचाळीस, आई? मी तिकडे जीव मुठीत धरून बघत होतो. एकेचाळीस!"

"भाड्याची सायकल होती रे, जड होती," मावशी म्हणाल्या. "तेवढ्यासाठी नावं ठेवू नकोस."